उटणेवाली मस्तूरा

मस्तूराची आणि माझी मैत्री होती असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आमची भांडणं होती. तिकडे सुदानात, गेनैना शहरात, तिचं घर माझ्या घराला लागून, आणि तिच्या अंगणातला धूर बारा महिने माझ्या दोरीवरच्या कपड्यांत. मी कुडापलीकडे ओरडायची, "अगं बाई, माझा नवरा घरात शिरला की विचारतो, कुणाच्या लग्नाला जाऊन आलीस!" त्यावर ती तिकडून म्हणायची, "मग बरंच आहे की! तेवढाच जवळ बसत असेल." असली जिभेची. सगळी गल्ली हसायची आणि माझं दूध उतू जायचं.

धंदा तिचा उटण्याचा. आम्ही त्याला दिल्का म्हणतो. बाजरीचं पीठ भिजवून लाकडी परातीला आतून थापायचं, ती परात तलहाच्या, म्हणजे आमच्याकडच्या बाभळीच्या, लाकडाच्या धुरीवर पालथी घालायची, पीठ काळंभोर झालं की त्यात लवंग नि चंदनाचं तेल मळायचं. सांगायला एवढंच. पण मी केलं तर त्याची करपलेली भाकरी होते, आणि मस्तूरानं केलं की नवरा मुलगा मांडवात चार वेळा नाक वर करून बघतो. लग्न ठरलं की मुलीची आई आधी मस्तूराकडे यायची, मग काझीकडे. नवरीला धुरीवर बसवायचं, घोंगडीखाली घाम काढायचा, कातडीचा वरचा पापुद्रा सुटला की ह्या उटण्यानं चोळून काढायचं, हे सगळं ती स्वतःच्या हातानं करायची. चोळताना गायची. आवाज बेसूर, पण बोलणार कोण? तिच्या हाताखालून गेलेली पोर लग्नाच्या दिवशी चालत आली की म्हाताऱ्यासुद्धा बाजूला सरकून वाट द्यायच्या.

मग लढाईचे ते दिवस आले. त्याबद्दल मी बोलणार नाही. ज्याला ऐकायची हौस असेल त्यानं दुसऱ्या कुणाला विचारावं, इथे सांगणारे पुष्कळ आहेत. माझा नवरा तिकडेच राहिला. तिचा नवरा आणि दोन्ही मुलगे तिकडेच राहिले. मी, मस्तूरा आणि तिची मुलगी रौदा, अशा आम्ही तिघी सरहद्द ओलांडून चाडमधल्या आद्रेला पोचलो, अंगावरच्या कपड्यानिशी. वाटेत एका गाढवाच्या गाडीवर चढताना मस्तूराच्या नडगीला पत्रा लागला. बोटभर चीर. रक्त आलं, तिनं अंगाला गुंडाळलेल्या तोबाचा, त्या लांब वस्त्राचा, काठ फाडून बांधला आणि विसरून गेली. त्या दिवशी बोटभर चिरेकडे कोण बघतंय!

छावणीत आम्हाला शेजारीशेजारी झोपड्या मिळाल्या. चार काटक्या, वर गवत, त्यावर प्लास्टिकचा कागद. मी म्हटलं, "या अल्ला, एवढं मोठं जग, आणि पुन्हा हिचाच शेजार?" मस्तूरा म्हणाली, "तुझ्या नशिबात सुगंध लिहिलाय बाई, त्याला मी काय करू." त्यावर आम्ही दोघी हसलो आणि मग किती तरी वेळ रडलो. मी चहाची चूल मांडली. तीन दगड, एक किटली, आलं असलं तर आलं. तिला करायला काही नव्हतं. वाळवंटात नवऱ्या कुठून आणायच्या?

मलमपट्टीच्या तंबूपुढे तेव्हा सकाळपासून रांग असायची. मी तिला दहादा म्हटलं, जा, दाखवून ये. एकदा गेलीसुद्धा. तासाभरात परत.

"काय गं? झालं एवढ्यात?"

"नाही दाखवला," ती म्हणाली. "माझ्या पुढे एक पोरगी होती, तिच्या खांद्यातून गोळी आरपार. मागे एक म्हातारा, त्याला हात नाही. त्यांच्या मध्ये उभी राहून मी काय दाखवू? खरचटलेलं? लाज नाही वाटत होय?"

"लाजेनं जखम भरते का?"

"भरते, भरते. आपली कातडी आहे ती, परक्याची नाही."

आणि भरली हो! बाजारात तो कॅप्सूलवाला फिरतो ना, डोक्यावर पाटी घेऊन, लाल-पिवळ्या कॅप्सूल सुट्ट्या विकतो, त्याच्याकडून तिनं घेतल्या. फोडायच्या आणि आतली पूड जखमेत भरायची. आम्ही सगळेच तसं करतो. माझ्या आईनं केलं, तिच्या आईच्या काळी कॅप्सूल असत्या तर तिनंही केलं असतं. चीर कोरडी झाली, वर खपली धरली, तिनं पाय माझ्यापुढे नाचवला. "बघ! तुझ्या डॉक्टरांना सांग, मस्तूराची विद्या." थोड्या दिवसांनी पुन्हा पाणी सुटलं, तिनं पुन्हा पूड भरली. पुन्हा मिटली. असं चालूच. मला त्यात विशेष वाटलं नाही. छावणीत कुणाच्या पायाला फडकं नव्हतं?

त्यात तिजानी सापडला. सापडला म्हणजे अक्षरशः. रौदा पाण्याच्या नळावर रांगेत उभी होती आणि पुढून चौथा माणूस डबा उचलून वळला, तो हा. लढाईआधी दोघांचं ठरलेलं होतं, शब्द दिलाघेतला होता. त्याची आई वाटेत गेली. पोरगा आधीच बारका, त्यात वाळून काटकी झालेला. रौदा डबा तिथेच टाकून धावत आली. तिला बोलता येईना आणि मस्तूराला वाटलं, कुणी मेलं. घाबरण्याची इतकी सवय लागली होती की आनंद ओळखू यायला वेळ लागला.

तिजानी चुलतभावांबरोबर उत्तरेला निघाला होता, सोनं खणायला. पावसानं रस्ते तुटायच्या आधी शेवटचे ट्रक जातात, त्यांतल्या एकात त्याची जागा ठरली होती. सोन्याच्या खाणीतून परत येणारे थोडे, हे इथे पोराटोरालाही ठाऊक. मस्तूरानं मला चुलीपाशी गाठलं. "लग्न लावून पाठवते त्याला. न लावता गेला तर ही नुसतीच वाट बघत बसेल. लाकडं आणायला रानात जाणाऱ्या बिनलग्नाच्या पोरींना काय काय सोसावं लागतं, तुला मी सांगू?" मला सांगायची गरज नव्हती. तिजानी म्हणाला, "मामी, माझ्याकडे द्यायला काही नाही." मस्तूरा म्हणाली, "मी मागितलं काय तुझ्याकडे? तू फक्त अंघोळ करून ये."

आणि तिनं बाह्या वर केल्या. काय अंगात आलं होतं त्या बाईच्या! रेशनात बाजरी नाही, लाल ज्वारी मिळते, ती एका वेळेला उपाशी राहून तिनं बाजूला काढली. लाकडासाठी रौदा नि मी पहाटे निघायचो. आद्रेच्या बायका आम्हाला हाकलायच्या, त्यांचंही चुकत नाही, त्यांची झाडं आम्ही खाल्ली. तर मस्तूरा स्वतः जाऊन त्यांच्यापैकी एकीच्या अंगणात बसली, तिच्या सुनेचं डोकं विंचरून तेल लावून दिलं आणि तलहाची मोळी घेऊन आली. वर मूठभर लवंगा नि चंदनाच्या तेलाची कुपी. झोपडीत खड्डा खणला, मडकं पुरलं, धुरी पेटली. आमच्या ओळीला वास येऊ लागला तशा आजूबाजूच्या बायका दाराशी येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. एक म्हातारी म्हणाली, "मला वाटलं मी घरी आहे." आणि तिथेच मटकन बसली.

मी म्हटलं, "मस्तूरा, तू लंगडतेस. चोळायचं काम मी करते."

"तू?" तिनं माझे हात उलटेपालटे करून पाहिले. "ह्यांनी पातेली घास हो! अगं, उभा जन्म मी लोकांच्या लेकी चोळल्या, आणि माझ्या एकुलत्या एकीला चहावालीच्या हाती देऊ? मी हिला दुसरं काय देणार आहे? सोनं आहे? घर आहे? बाप आहे?"  मी परात तिच्याकडे सरकवली. माणसानं भांडावं तर समोरच्याच्या दुखण्यावर पाय देऊन नव्हे.

त्यानंतरची गोष्ट. माझ्या झोपडीत घाण वास येऊ लागला. मला वाटलं उंदीर मेला. चटई उचलली, गवत उपसलं, पिठाची पिशवी रिकामी केली, शेजारणींच्या पोरांना शिव्या घातल्या, उंदीर काही मिळेना. वास यायचा आणि जायचा. लवंग, चंदन, धूर, आणि त्याच्या तळाशी हे. दुसऱ्या दिवशी दुपारी मला उमगलं की मस्तूराच्या झोपडीत धुरी चालू असली की वास दबतो आणि धुरी विझली की वर येतो. मी तशीच उठले नि तिच्या दारातून आत शिरले. रौदा पाण्याला गेली होती. मस्तूरा पाय पसरून बसली होती आणि नडगीवरचं फडकं सोडत होती.

वरून खपली होती हो. पण तिनं कडेला अंगठा दाबला तर खालून हिरवट पू आला, तो थांबेचना. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ताणलेला, चकचकीत.

"अगं, नासला की गं पाय!" मी किंचाळलेच.

"हळू! ओळीभर ऐकवशील."

"ऐकू दे! ऊठ आधी, तंबूत चल."

"लग्न होऊ दे."

"लग्न गेलं खड्ड्यात!"

"खमीसा," ती म्हणाली, अगदी शांत, "तंबूत गेले तर मला निजवून ठेवतील. आई खाटेवर असताना मुलीला धुरीवर बसवत नाहीत, अपशकुन म्हणतात, तुला माहीत आहे. लग्न पुढे जाईल. ट्रक थांबणार आहे का माझ्या पायासाठी? हा चंद्र सरला की मी स्वतः चालत जाईन. तोवर तोंड मिट."

मी तोंड मिटणाऱ्यांतली नाही. तडक उठले आणि अश्ताला गाठलं. अश्ता म्हणजे आद्रेचीच मुलगी, नर्सच्या हाताखाली शिकलेली, झोपड्यांमागून झोपड्या फिरून जखमा शोधते. तिला सगळं सांगितलं, कुठली ओळ, कुठलं दार, काय दिसलं. ती म्हणाली, "मावशी, आजच जाते." आणि गेलीही. मी चुलीपाशी गिऱ्हाइकात अडकले होते.

आता मस्तूराचा प्रताप ऐका. अश्ता गेली तेव्हा धुरी धडाक्यात पेटलेली, दाराशी बायका गाताहेत, आत लवंगेचा लोट. अश्ता म्हणाली, "मावशी, पायाला जखम आहे म्हणे, दाखवा." आणि ह्या बाईनं तोब वर करून पाय पुढे केला. डावा! धडधाकट! त्याला उटणंसुद्धा लावलेलं, आरशासारखा. "ही काय जखम, पोरी. ती खमीसा चहावाली आहे ना, तिला माझा हेवा आहे, लहानपणापासून. तिला मुलगी नाही ना." अश्ता हसली. तिला अजून अख्खी ओळ फिरायची होती. तिच्या हाताला उटणं चोळून, कप भरून कॉफी पाजून मस्तूरानं तिला वाटेला लावलं. जखम डोळ्याआधी नाकाला कळते असं तीच अश्ता सांगते, पण त्या झोपडीत नाकाला लग्नाशिवाय काही कळणं शक्य नव्हतं.

मला हे संध्याकाळी कळलं. मी तिच्या दाराशी जाऊन असं काही बोलले की इथे सांगत नाही. तिनं दारावर चटई ओढून घेतली. मी परत अश्ताकडे गेले, तर तिला पलीकडच्या छावणीवर धाडलेलं, तिकडे गोवर उठला होता. तंबूतल्या माणसाला सांगितलं, तो म्हणाला, "बाईला घेऊन या, आम्ही ओढून आणत नाही." बरोबरच आहे त्याचं. मी काय तिला पाठीवर टाकून नेऊ? मस्तूरानं माझ्याशी बोलणं टाकलं. आतून मात्र गाण्याचा आवाज यायचा, बेसूर, आणि रौदाचं हसणं. त्या पोरीला काही ठाऊक नव्हतं. आईनं तिला काटा लागलाय म्हणून सांगितलं होतं.

लग्न झालं. खोटं कशाला बोलू, सुंदर झालं. ढोलाऐवजी पालथं टिपाड. रौदा झोपडीतून बाहेर आली आणि छावणीची ती ओळ, जिथे रोज पाण्यावरून डोकी फुटतात, ती गप्प झाली. तिजानीला कुणीतरी पांढरा अंगरखा दिला होता, दोन माणसं मावतील असा. तो पोरगा रौदाकडे बघून रडायलाच लागला. सगळे म्हणाले, "अरे, जावई का नवरी?" मस्तूरा ताठ उभी होती, दोन्ही पायांवर. माझ्याकडे बघून तिनं हनुवटी उडवली, म्हणजे, बघितलंस? मी मान हलवली. त्या घटकेला मलाही वाटलं, होईल ठीक.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना भेंडीचं कालवण वाढताना ती पळीसकट पडली. हात लावला तर अंग विस्तवासारखं. ओठ पांढरे, बोलणं असंबद्ध, आपल्या मुलांना हाका मारत होती, जे नाहीत त्यांना. तिजानीनं गाढवगाडी आणली. तो तिच्याबरोबर इस्पितळाच्या तंबूत रात्रंदिवस बसला आणि ट्रकची वेळ आली तेव्हा तिनंच त्याला हाकललं. "जा. तुझ्यासाठी हे सगळं केलं आणि तू जातच नाहीस?" तो गेला. त्याच आठवड्यात पाऊस झाला आणि मागे नाले भरले, रस्ता तुटला.

तंबूतली डॉक्टरीण परमुलखातली. अश्ता गोवराच्या छावणीवरून परतली होती, तिचं बोलणं तीच आमच्या भाषेत सांगायची. पायाच्या हाडापर्यंत नासलं होतं. एक इंजेक्शन दिलं, लागू पडेना. दुसरं दिलं, तेही नाही. रस्ता तुटायच्या आधीच पू काचेच्या नळीत भरून राजधानीला पाठवला होता, त्याचं उत्तर फोनवर आलं तेव्हा डॉक्टरणीनं अश्ताला जवळ बोलावलं. अश्ता म्हणाली, "मावशी, हिच्या जखमेतला जंतू आमच्या कपाटातल्या एकाही औषधाला दाद देत नाही."

"मग कपाट कशाला मांडलंय?" मी म्हणाले. "शोभेला?"

"एक औषध आहे. राजधानीत. मागवलंय."

"कधी येईल?"

अश्तानं बाहेर पाहिलं. पाऊस पडत होता.  मग ती हळूच म्हणाली, "त्या कॅप्सूलची पूड, मावशी. थोडीथोडी टाकत राहिलं की जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. आणि इथे सगळेच टाकतात."  आम्हाला कुणी सांगितलं होतं? आणि सांगितलं असतं तरी जवळ दुसरं काय होतं आमच्या?

पाय कापायचा ठरला. गुडघ्याच्या वर. मस्तूरा शुद्धीवर होती. मला वाटलं आकांत करील. ती म्हणाली, "कापा. लग्न तर झालं." आणि मग माझ्याकडे वळून, तिरक्या डोळ्यानं, "आता एकाच तळपायाला मेंदी. खमीसा, तुझी सोय झाली, आता भिंतीपलीकडून धावत येऊन भांडता येणार नाही मला." मी म्हटलं, "गप मेले." माझ्या डोळ्यांतून पाणी थांबेना. ती माझा हात थोपटत राहिली, जणू काही कापणार होते ते माझं.

कापला. ताप उतरला. दोन घास खिमट खाल्लं. डॉक्टरीण पहिल्यांदा हसली. मी चहाची चूल पुन्हा पेटवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, "मरत नाही ती. तिची जीभ मेल्याशिवाय ती कसली मरते!"

रौदा रोज आईसाठी खिमट घेऊन तंबूत जायची. एके सकाळी मी तिच्या मागून चालत होते आणि मला दिसलं की ती एका पायावर कमी भार देतेय.

"काय झालं गं?"

"काही नाही मावशी. धुरीच्या वेळी ठिणगी उडाली होती ना, तिथला फोड."

ठिणगी उडाली होती खरी. लग्नाला काही दिवस राहिले असताना मडक्यातून एक निखारा फुटला, तिच्या पोटरीला चटका बसला, आणि दाराशी बायका हसल्या होत्या, नवऱ्याच्या आधी विस्तवानं मुका घेतला म्हणून. मी बाहेरून ऐकलं होतं. एवढासा फोड, मुगाएवढा. मी तिथेच रस्त्यात बसवून तिचा तोब वर केला. पोटरी लाल, ताणलेली. मध्ये खपली. मी कडेला बोट दाबलं नाही. मला धीर झाला नाही.

पुन्हा काचेची नळी, एका पोरानं डोक्यावर धरून नाल्यापलीकडे पोचवलेली; औषधाची बर्फपेटी मात्र ट्रकशिवाय येत नाही. ह्या वेळी राजधानीतून उत्तर यायची वाट कुणी पाहिली नाही, मस्तूराला दिलेली दोन्ही इंजेक्शनं रौदाला देऊन झाली आणि ताप चढतच राहिला, तेव्हाच डॉक्टरणीला कळलं असावं. उत्तर आलं ते तेच होतं. तोच जंतू. रौदाची खाट आईच्या शेजारी टाकली. डॉक्टरणीनं अश्ताला विचारायला सांगितलं की ह्या फोडाला कुणाचा हात लागला होता. अश्तानं मला बाजूला नेऊन विचारलं, पण तंबूत बाजू कुठे असते? प्लास्टिकच्या एका पडद्यापलीकडे मस्तूरा निजली होती.

मी सांगू का तुम्हाला कसं झालं? मला सांगायची गरज नाही, पण मी रोज मनात तेच बघते. ती नडगीवरचं फडकं सोडायची, पू पुसायची, पुन्हा बांधायची, हात तोबाला पुसायची, आणि तेच हात उटण्याच्या परातीत. मग मुलीच्या अंगावर, धुरीनं पापुद्रा सुटलेल्या कोवळ्या कातडीवर, त्या फोडावरून, पुन्हा पुन्हा, जीव तोडून, गाणं म्हणत. कुणी वैऱ्यानं केलं असतं तर मी त्याचा गळा धरला असता.

तिनं सगळं ऐकलं होतं. मी आत गेले तेव्हा मस्तूरा बसलेली होती. एवढ्या दिवसांत ती आपणहून उठून बसली नव्हती. डॉक्टरीण तिच्या पायथ्याशी उभी होती. मस्तूरानं आपले दोन्ही हात तिच्यापुढे धरले आणि म्हणाली, "हे कापायचे होते. पाय कशाला कापलात?"

डॉक्टरणीनं अश्ताकडे पाहिलं. अश्तानं ते तिच्या भाषेत सांगितलं नाही. कुणीतरी हाक मारली म्हणून डॉक्टरीण गेली.

औषध अजून आलेलं नाही. नाल्याचं पाणी उतरतंय म्हणतात. मी सकाळी चूल पेटवते, दुपारी तंबूत जाऊन बसते. मस्तूरा भांडत नाही, मी मुद्दाम काढून बघते, तरी नाही. अश्तानं तिला सांगितलं, मावशी, साबणानं नीट धुऊन मुलीला हात लावलात तर काही होत नाही, मी स्वतः धुऊन लावते ना. मस्तूरा धुते. बादलीतलं पाणी संपेपर्यंत धुते, नखं घासते, मनगटाची कातडी सोलून काढली तिनं. मग हात घोंगडीखाली घालते.

ताप चढला की रौदा डोळे मिटून म्हणते, "आई, कपाळावर हात ठेव ना." खाटा इतक्या जवळ आहेत की नुसता हात लांब केला तरी पोचेल. मस्तूरा हलत नाही. मुलीकडे बघतसुद्धा नाही, वर प्लास्टिककडे बघत राहते, आणि मला म्हणते, "तू ठेव."